आळ बासुंदीवर, उसळ नामानिराळी

ताई, नमस्कार.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीचा मी चिटणीस. गेल्या वर्षी शनिवारी महाप्रसाद ठेवला होता. पानं साधारण पावणेदोनशे. मसालेभात, मटकीची उसळ, पुरी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि आमच्याच मजल्यावरच्या काकूंची बासुंदी. ती त्याच करतात, सोसायटी झाल्यापासून. आरती लांबली, प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे पहिली पंगत दोनला बसली आणि शेवटची साडेतीनला उठली. रात्री अकरानंतर एकेका घरातले दिवे लागायला लागले. पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब. उलट्या फारशा कुणाला नाहीत, तापही नाही. चाळीसेक जणांना त्रास झाला. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सावरली, पण तिसऱ्या मजल्यावरच्या तीन वर्षांच्या मुलीला एक रात्र दवाखान्यात सलाईनवर ठेवावं लागलं.

ग्रुपवर लगेच ‘दुधाचंच काहीतरी’ असं ठरून गेलं. काकूंनी ग्रुप सोडला, आता बासुंदी करणार नाही म्हणतात. (मधुमेहामुळे बासुंदीला हातही न लावलेल्या एका आजोबांनाही त्रास झाला, पण ते वयाचं असेल.) उसळ आम्ही पुरुषमंडळींनी आदल्या रात्रीच करून ठेवली होती, त्यामुळे त्या बाजूने काही प्रश्न नव्हता. यंदा समितीत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात केटरर बोलवा, अर्धे म्हणतात महाप्रसादच नको. जीबीएसच्या (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या) साथीपासून आमच्याकडे लोक तसेही धास्तावलेत. काय करावं? काकूंना कसं समजवावं? आणि उरलेला प्रसाद आम्ही डब्यांत भरून घरोघरी देतो, तो द्यावा का?

– एक चिटणीस

चिटणीससाहेब,

‘उसळ आदल्या रात्रीच करून ठेवली होती, त्यामुळे त्या बाजूने काही प्रश्न नव्हता’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. प्रश्न बहुधा त्याच बाजूने होता.

पोट बिघडलं की आपण शेवटचं काय खाल्लं ते आठवतो आणि त्यात दुधाचं काही असलं की त्याच्यावर शिक्का मारून मोकळे होतो. त्याऐवजी घड्याळ बघावं. दुधाच्या गोड पदार्थातून होणारी विषबाधा बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूची असते. हा आपल्या नाकात, कातडीवर, पिकलेल्या जखमेत राहतो आणि हातावाटे पदार्थात उतरतो. पदार्थ गरम हवेत पडून राहिला की तिथेच वाढून विष तयार करून ठेवतो. ते विष आयतंच पोटात जातं, त्यामुळे अर्ध्या तासापासून सात-आठ तासांच्या आत माणूस आडवा होतो, आणि ठळक लक्षण असतं उलट्या. बासुंदी बाधली असती तर दिवेलागणीलाच निम्मी सोसायटी बेसिनवर वाकलेली दिसली असती. तुमच्याकडे त्रास सुरू झाला आठ-नऊ तासांनी, त्यात कळा आणि जुलाब, उलट्या जवळपास नाहीत, ताप नाही, आणि चोवीस तासांत बहुतेक जण बरे. हे वर्णन क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूला चपखल बसतं. मोठ्या पातेल्यात शिजवलेलं आणि हळूहळू गार झालेलं अन्न ही त्याची आवडती जागा.

आणि तुमचे आजोबा! कंसात टाकलेत तुम्ही त्यांना, पण ते पहिल्या नंबरचे साक्षीदार आहेत. बासुंदी न खाता ते आजारी पडले. आता आणखी एक करा. शनिवार होता म्हणजे दोघी-तिघी तरी उपवासाच्या असतील. ज्यांनी नुसती बासुंदी घेतली, त्यांना काही झालं होतं का ते विचारा. वहीत दोन रकाने आखा, कुणी काय खाल्लं आणि कुणाला त्रास झाला. साथीचा तपास करणारे लोकही सुरुवात अशीच करतात. अर्थात अन्नाचा नमुना कुणी ठेवला नव्हता, म्हणून छातीठोक निकाल आता कुणीच देऊ शकणार नाही. मसालेभातालाही मी पूर्ण सोडणार नाही. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या एका प्रकारानेही सहा ते पंधरा तासांनी असेच जुलाब होतात, आणि तुमचा भात पाहुण्यांची वाट बघत किती वेळ तिष्ठत होता ते तुम्हालाच ठाऊक. पण आरोपींच्या यादीत बासुंदी बरीच खाली आहे.

उसळीचं नेमकं काय झालं असेल ते सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. परफ्रिंजन्सचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपी गेलेले जिवाणू, मातीत असतात, त्यामुळे कडधान्यात आणि मसाल्यातही सापडतात. जिवाणू उकळीने मरतो, बीजाणू तगून राहतो. उलट उकळल्यामुळे रश्श्यातला प्राणवायू निघून जातो, आणि या महाशयांना प्राणवायू नकोच असतो. रात्री अकराला तुम्ही गॅस बंद केला, वर झाकण ठेवलं, पुन्हा एखादं फडकं गुंडाळलं असेल, आणि घरी जाऊन झोपलात. एवढ्या मोठ्या पातेल्याच्या कडा तासा-दोन तासांत कोमट होतात, पण पोटातली उसळ पहाटेपर्यंत ऊन राहते. पंचेचाळीस अंशांच्या आसपास हा जिवाणू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. आकडेमोड करून बघा. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांच्या वर. वास येत नाही, चव बदलत नाही, फेस येत नाही. आपल्याकडे ‘आंबलं की टाकायचं’ एवढी एकच परीक्षा पक्की आहे, आणि हे अन्न त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं.

सकाळी ती उसळ खदखदून, तळापासून ढवळत उकळली असती तरीही बचावला असता, कारण वाढलेले जिवाणू नीट उकळीत मरतात. (स्टॅफिलोकोकसचं तसं नाही. त्याचं विष उकळूनही जात नाही, म्हणून ‘परत एक उकळी काढू’ हा उपाय बिघडलेल्या खव्याला किंवा पेढ्याला लागू पडत नाही.) पण महाप्रसादाच्या सकाळी शेगड्या पुऱ्यांच्या आणि भाताच्या ताब्यात असतात. उसळीला कोपऱ्यात मंद आच मिळते, कडेने बुडबुडे आले की ‘झाली गरम’ म्हणून उतरवतात. मधली उसळ तेव्हा जेमतेम कोमट असते.

समितीत कुणीतरी नक्की म्हणेल, ‘एक दिवस पोट बिघडलं, त्याचं एवढं काय?’ त्यांना त्या तीन वर्षांच्या मुलीच्या आईकडे पाठवा. मोठ्या माणसाच्या अंगातून दोन लिटर पाणी गेलं तर तो थकतो. बारा-तेरा किलोच्या पोराला त्याच्या निम्मंही झेपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मांडलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात, म्हणजे दहातला एक, आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यातली सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो, तिथे वर्षाला १५ कोटी आजारी आणि पावणेदोन लाख मृत्यू. आपल्या राज्यातलंच हवं असेल तर २०२४च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन दोनशेवर लोक आजारी पडले. खाटा पुरेनात, म्हणून रस्त्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. तेही प्रसादाचंच अन्न होतं, श्रद्धेनेच रांधलेलं.

आता केटररचं. केटरर आणला म्हणजे जबाबदारी गेली, असं वाटतं खरं. पण रात्री दोनला रांधून सकाळी टेम्पोत भरून आणणारा केटरर तुमच्यापेक्षा काही वेगळं करत नाही, फक्त पैसे घेतो. बोलवायचाच असेल तर चव बघण्याआधी त्याला विचारा: एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना नंबर काय, स्वयंपाक कुठे आणि किती वाजता होणार, तिथून निघून पानात पडेपर्यंत किती वेळ, आणि वाटेत अन्न गरम कसं ठेवणार. शेवटच्या प्रश्नाला ‘काळजी करू नका साहेब’ असं उत्तर आलं की दुसरा बघा. माझं मत विचाराल तर महाप्रसाद बंद करू नका आणि घरचाच ठेवा, पण पदार्थ कमी करा आणि वेळापत्रक बदला. पावणेदोनशे पानांना सहा पदार्थ हौसेने होतात, सांभाळून होत नाहीत.

आदल्या रात्री शिजवायचं काहीही नाही, हा पहिला नियम. मटकी भिजवा, मोड आणा, मसाला वाटून फ्रीजमध्ये ठेवा, नारळ खवून ठेवा. चूल पेटेल ती सकाळी. (मोडाची कच्ची मटकी कोशिंबिरीत घालायचा मोह होतो. उबदार ओलीत मोडांबरोबर जिवाणूही वाढतात, तेव्हा मटकी शिजवूनच वाढा.) मसालेभात दोन घाण्यांत करा, पहिला पंगतीच्या आधी, दुसरा पहिली पंगत बसल्यावर. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर तरी हवं किंवा ५ अंशांच्या खाली तरी. मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मांडवात उकडत असेल तर तासाभरापेक्षा नाही. हे हाताला चटका बसतो का बघून कळत नाही. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. वर्गणीतून एक घ्या आणि कुणातरी चिकित्सक आजोबांच्या हातात द्या. पातेल्याच्या मधोमध, कडेला नाही.

पाहुण्यांचा मुद्दा नाजूक आहे, मान्य. तरी निमंत्रण देतानाच सांगा की पंगत साडेबाराला बसेल. ते आले तर आनंद, नाही आले तर त्यांचं पान दुसऱ्या पंगतीत. गणपतीला नैवेद्य दाखवून झाला की बाप्पाची हरकत नसते, माणसांचीच असते.

वाढणाऱ्यांपैकी ज्याला दोन दिवसांत जुलाब-उलट्या झाल्यात, त्याने यंदा खुर्च्या मांडायच्या, वाढायचं नाही. बोटाला कापलेलं असेल तर चिकटपट्टी आणि वर हातमोजा. साबण नळापाशी हवा, कार्यालयाच्या कपाटात नको. आणि एकच टॉवेल पंधरा जणांनी वापरायची पद्धत बंद करा. पंचामृताचंही तेच: सकाळी केलेलं तीर्थ संध्याकाळच्या आरतीपर्यंत उघड्या भांड्यात ठेवू नका, थोडं थोडं ताजं करा.

मठ्ठ्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ताकाचा दोष नसतो, बर्फाचा असतो. बाजारात लादीचा जो बर्फ मिळतो तो पुष्कळदा मासे, फळं, दुधाचे कॅन गार ठेवायला केलेला असतो, पिण्याच्या पाण्याचा नसतो. म्हणूनच २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, आपल्या एफडीएने, खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं. पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं मात्र धरून चालू नका. सरळ मठ्ठ्याचं भांडं बर्फाच्या टबात ठेवा, बर्फ मठ्ठ्यात नको.

जीबीएसची धास्ती मला समजते. २०२५च्या जानेवारीत तुमच्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात ती साथ आली. संशयित आणि निश्चित मिळून दोनशेवर रुग्ण झाले, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. हा दूषित पाण्यातून येतो आणि अर्धवट शिजलेल्या चिकनमधूनही. त्याने झालेले जुलाब बहुतेकांचे आठवड्यात थांबतात. फार थोड्यांमध्ये एक ते तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, त्याला गियाँ-बारे सिंड्रोम म्हणतात. पायांना मुंग्या येऊन, जोर जाऊन अशक्तपणा वर सरकतोय असं वाटलं तर उद्यावर न टाकता मोठ्या रुग्णालयात जायचं. महाप्रसादापुरतं बोलायचं तर टँकर येत असेल त्याच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून करायची क्लोरीनची चाचणी, करून घ्या. पिवळी छटा आली तर पाण्यात क्लोरीन आहे. पिण्याचं आणि मठ्ठ्याचं पाणी खळखळून उकळलेलं किंवा भरवशाच्या फिल्टरचं. सोसायटीची टाकी उत्सवाच्या आधी धुऊन घ्या. घरी चिकन आणाल तेव्हा ते नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या काकडीवर उडतात. नीट शिजवलं की पुरे.

इतकं करूनही त्रास झालाच तर ओआरएस. एक पुडी, एक लिटर पाणी, घोट घोट. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपायला आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रम भरून असंच पाणी लोकांना पाजलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. दुकानात ‘ओआरएस’ म्हणून खोक्यातलं गोड सरबत मिळायचं, ते हे नव्हे. ठरलेल्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर ते नाव लावायला एफएसएसएआयने २०२५च्या ऑक्टोबरात मनाई केली. लहान मुलांना जुलाब थांबवायच्या गोळ्या देऊ नका, मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिकही नको. अंगावरचं दूध चालू ठेवा. शौचात रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलं किंवा पोटात पाणीच ठरत नाही, यातलं काहीही असेल तर डॉक्टर. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस असेल तर त्याआधीच.

आणि प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ डबीत, वर नाव-वेळ लिहून, तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. किराण्याची, तेला-तुपाची बिलंही जपून ठेवा, एफडीएवाले विचारतात. वाटी असती तर काकूंवर ही वेळ आली नसती.

काकूंकडे तुम्ही जा, एकटे, संध्याकाळच्या चहाला. फोन नको, शिष्टमंडळ तर नकोच. ग्रुपवर कोण काय म्हणालं त्याचा पाढा वाचू नका. एवढंच सांगा की वेळ बासुंदीशी जुळत नाही, आजोबांनी ती खाल्लीच नव्हती, आणि उसळ आम्ही रात्रभर बाहेर ठेवली होती. शेवटचं वाक्य जड जाईल. तेच वाक्य नंतर सभेत, सगळ्यांसमोर, इतिवृत्तात येईल असं म्हणा. ज्या ग्रुपवर आळ आला तिथेही लिहा. काकूंनी होकार दिला तर बासुंदीला मदत करा: आटली की पातेलं गार पाण्याच्या टबात ठेवून ढवळत निववायचं, मग पाच-सहा लिटरचा एकच डबा न करता छोट्या डब्यांत भरून मजल्यामजल्यावरच्या फ्रीजमध्ये ठेवायचं. इतके फ्रीज दुसऱ्या कुठल्या मांडवात असतात? नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका. यंदा जिलबी आणा.

राहिला उरलेल्या प्रसादाचा प्रश्न. पुऱ्या, लाडू, कोरडी खिरापत खुशाल वाटा. भात आणि उसळ शेवटपर्यंत वाफाळती गरम ठेवली असेल, तरच पंगत उठल्याबरोबर उथळ डब्यांत भरून द्या. डब्यावर ‘लगेच फ्रीजमध्ये, रात्रीच संपवा, खाताना उकळी काढा’ असं लिहा. दुपारभर मांडवात पडलेलं कितीही असलं तरी कुणाला देऊ नका, वॉचमनला आणि सफाईवाल्या मावशींना तर मुळीच नाही; आपल्याला नको ते त्यांच्या डब्यात, ही वाईट खोड पुष्कळ सोसायट्यांना आहे. कोशिंबीर आणि मठ्ठा टाकून द्या.